यारेत्सीची फुटलेली कामं

आमच्या ऑलिंपिक रस्त्यावर सगळी दुकानं पिन्यातांची. पुठ्ठ्याचं पोकळ गाढव नाहीतर तारा करायचा, वरून रंगीत कागदाच्या झिरमिळ्या चिकटवायच्या, पोटात गोळ्या भरायच्या, आणि वाढदिवसाला पोरांनी डोळे बांधून काठीनं ते फोडायचं. पिन्याता फर्मीनच्या, गोळ्या माझ्या. आमची दुकानं भिंतीला भिंत लागून. त्याच्या मुलीची, यारेत्सीची, मी धर्ममाय. म्हणून ती मला मादरीना म्हणते. फर्मीन कोमाद्रे, म्हणजे लेकीची दुसरी आई, म्हणतो आणि न विचारता माझी व्हॅन नेतो.

यारेत्सी चालायला लागली तशी झिरमिळ्या कातरायला लागली. पुढं चेहरेही तिच्याकडे आले. फर्मीनची गाढवं आधी सगळी एका आईची वाटायची. तिच्या हाताखाली प्रत्येकाला स्वतःचं तोंड आलं. एक तर थेट आमच्या पाद्र्यासारखं झालं होतं. ते लगेच खपलं.

तिच्या शाळेत चित्रकला होती, म्हणजे खोली होती. बाई नोकरी सोडून गेल्या, दुसऱ्या आल्या नाहीत, आणि खोलीत मोडकी बाकं भरली. तिनं चित्रकला मागितली तेव्हा तिला सांगितलं, रुग्णसेवेच्या वर्गात जागा आहे. मग वर्षभर ती प्लास्टिकच्या हाताचा रक्तदाब मोजत बसली. तो हात एकदाही आजारी पडला नाही. टेकडीपलीकडच्या श्रीमंतांच्या शाळेत चित्र काढायला शिकवणारा एक मास्तर, आणि कॉलेजला कुठलं चित्र पाठवायचं ते सांगणारा दुसरा. मला याचा संताप येतो. तिला येत नव्हता, म्हणून तिच्या वाटणीचाही मीच करायची.

तिला कलेच्या कॉलेजात जायचं होतं. फी माफ झाली तर, नाहीतर नाही.

"हे शिकायला कॉलेज?" फर्मीन म्हणाला. "मी फुकट शिकवतो."

"तुम्ही गाढवं शिकवता, पपा."

"गाढवं खपतात."

कॉलेजनं आजवर केलेली कामं मागितली आणि घोडं तिथंच अडलं. तिची सगळी कामं शनिवारी लोक घेऊन जायचे आणि रविवारपर्यंत त्यांचा चुरा व्हायचा. फोटो काढून ठेवावेत हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. रोजच्या पोळीचा फोटो कोण काढतो? मग ती गिऱ्हाइकांच्या मागं लागली. वाढदिवसाचे व्हिडिओ सगळ्यांकडे होते, पण आयांचा फोन आपापल्या लेकरावर. पिन्याता वरच्या कोपऱ्यात जराशी दिसायची, की धाड. यारेत्सीनं सगळे तुकडे जोडून एक लांब व्हिडिओ केला आणि पाठवून दिला.

"अगं, तू त्यांना नुसती मोडतोड पाठवलीस," मी म्हटलं.

"दुसरं आहे काय, मादरीना?"

तरी मुलाखतीला बोलावलं. व्हॅन माझी, म्हणून मीही गेले. फर्मीननं लग्नातला कोट चढवला. बाहेर टेकडीपलीकडची मुलं चित्रांच्या मोठ्या काळ्या चपट्या पेट्या घेऊन बसली होती. आत तिला एकटीलाच बोलावलं होतं. आम्ही तिघंही गेलो. टेबलामागच्या बाईंनी आणखी दोन खुर्च्या मागवल्या. बाईंना आमची मायदेशाची भाषा येत होती, पुस्तकातून शिकल्यासारखी.

त्यांनी व्हिडिओ भिंतीवर लावला आणि फर्मीन खुर्चीत पुढं सरकला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. या माणसानं जन्मभर पिन्याता केल्या, पण शनिवार-रविवारी तो दुकानातच. यारेत्सीच्या वाढदिवसालाही तो गल्ल्यावर असायचा. आपली एकही पिन्याता फुटताना त्यानं पाहिली नव्हती.

"हे सगळं तुझं एकटीचं काम?" बाईंनी विचारलं. काम ज्याचं त्यानं एकट्यानं केलेलं हवं, असा नियमच होता. मी मनात म्हटलं, पोरी, हो म्हण.

"नाही," यारेत्सी म्हणाली. "चेहरे आणि कागद माझे. आतला सांगाडा पपांचा."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं.

फर्मीन भिंतीवरची नजर न काढता म्हणाला, "माझं काम फुटल्यावर दिसतं, बाई. त्याआधी दिसतं ते सगळं तिचं." मग म्हणाला, "परत लावता येईल?"

"बाहेर मुलं खोळंबलीत."

"मीही खोळंबलोच होतो."

बाईंनी परत लावला. संपेपर्यंत तो एकच वाक्य बोलला, "त्याचा डावा पाय कच्चा राहिलाय." आणि कोटाच्या बाहीनं डोळे पुसले.

फर्मीन व्हॅनमध्ये चढायच्या आत मी तिला बोलले. हातची जागा घालवलीस, म्हटलं.

"पपा समोर बसले होते, मादरीना," ती म्हणाली.

निकाल आला तो शनिवारी, दुकानात पाय ठेवायला जागा नसताना. फर्मीन नव्हता, म्हणून त्याच्या दुकानात मी हात द्यायला गेले होते. मुलाखतीपासून त्यानं नवंच खूळ घेतलं होतं: मोठी पिन्याता स्वतः पोचवायची आणि ती फुटेपर्यंत फाटकाशी उभं राहायचं. एका बाईला वाटलं, बक्षिसीसाठी थांबलाय. तिनं पाच डॉलर दिले. ते त्यानं घेतले आणि उभाच राहिला.

यारेत्सीनं त्याला फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर ठेवला. "पपा, जागा मिळाली. फीपण माफ."

पलीकडे पोरांचा नुसता गलका.

"पपा?"

"ऐकलं," तो म्हणाला. "ठेवू नकोस." मग काठीचा आवाज आला, गोळ्या सांडल्याचा आला, आणि आरडाओरडा इतका की त्याचं बोलणं बुडालं. गलका ओसरल्यावर तो म्हणाला, "सांगाडा गेला. तोंड शाबूत आहे. एका बारक्या मुलीनं उचललंय. कुणाला हात लावू देत नाहीये."

यारेत्सीनं गल्ल्यावर डोकं टेकलं आणि रडली. समोर उभ्या गिऱ्हाइकानं बोट दाखवून विचारलं, ते गाढव केवढ्याला?

मी सांगितलं, "कालपर्यंत स्वस्त होतं."