सुपातून वेचून फेकलेले दाणे

अंगणवाडीत तपासणीला आलेल्या मॅडमनी माझ्या गौरीची खालची पापणी ओढली. आत लाली नव्हतीच. पांढरंफटक.

"क्या खिलाती हो इसको?"

मी मोडक्या हिंदीत, पण तोऱ्यात सांगितलं. राशनचा भात देते. निवडून देते. त्यात प्लास्टिकचे दाणे येतात, ते एकूण एक वेचून कबुतरांना फेकते.

मॅडम हसल्या. बरोबरच्या साहेबांना म्हणाल्या, "देखा? इन लोगों को सोना भी दो, तो कचरे में डालेंगे."

अख्खी अंगणवाडी हसली. चार वर्षांची गौरीही हसली, सगळे हसतात म्हणून. ते मला जास्त लागलं.

मग नर्सबाईंनी सांगितलं. ते प्लास्टिक नव्हतं. तांदळाच्याच पिठात लोह नि जीवनसत्त्वं घालून बनवलेले दाणे. अंगात रक्त भरावं म्हणून मुद्दाम मिसळलेले.

माझी आई म्हणायची, "ज्या बाईना भातमा खडा निंघस, ती बाई कसानी!" भातात खडा निघाला, तर ती बाई कसली. धुळ्याहून सुरतेत उधन्याला आले, दिवसभर साड्यांचे धागे कापले, पण सूप सोडलं नाही. धुताना पिवळट दाणे वर तरंगायचे, तेही काढायची. वर्षभर लेकीचं रक्त मी माझ्या हातांनी कबुतरांना घातलं. काय करू वं माय, हे हात कुठं नेऊन ठेवू?

पण मी विचारलं नव्हतं का? राशनवाल्यासमोर मूठ उघडून विचारलं होतं, "भाई, ये क्या है?" तो म्हणाला, "लेना है तो ले, नहीं तो आगे बढ़." गोणीवरचं मला वाचता येत नाही. ज्यांना येतं, त्यातलं एकही माणूस आमच्या गल्लीत फिरकलं नाही.

साहेबांनी मोबाइल काढला. गौरीला कडेवर घे म्हणाले, फोटोसाठी.

"फोटो नहीं," मी म्हणाले. "पहले हमारी गली में आओ, हमारी बोली में बताओ. फिर हँसना."

मॅडमचं तोंड उतरलं. आलं मात्र कोणी नाही.

गौरीला औषध चालू आहे. तरी जिना चढताना मध्येच बसते. नुसत्या भातानं आता भरून येणार नाही, म्हणतात नर्सबाई. रात्रंदिवस जीव टांगणीला आहे.

गल्लीतल्या बायका अजून तेच दाणे वेचताहेत.

उद्या राशन वाटणार. मी कामावर खाडा केलाय. सूप घेऊन दुकानाच्या दारात बसणार. ते दाणे तळहातावर घेऊन एकेकीला दाखवणार. राशनवाला हाकलेल. हाकलू दे. शेवटच्या बाईची पिशवी भरेपर्यंत मी उठणार नाही.