वेताच्या खुर्चीतला खोकला

ताई घरच्या प्रकाशनात शिरली ती गठ्ठ्यांना सुतळी बांधायला, शाळा संपायच्याही आधी. पुढे तिने दुकानदारांचे फोन घेतले, छापखान्याशी भांडणं केली, लेखकांचे रुसवे काढले. कागद नुसता चिमटीत धरून ती सांगायची की व्यापाऱ्याने हलका माल गळ्यात मारलाय. तरी दारात येणारा प्रत्येक जण तिलाच विचारायचा, "साहेब आहेत का?" साहेब म्हणजे अण्णा, तिचे वडील. ताई आतल्या खोलीकडे बोट दाखवायची.

त्या घराची एक रीत होती. छापण्याआधीचं शेवटचं प्रूफ मोठ्याने वाचायचं, तेही विरामचिन्हांसकट. "तो उठला स्वल्पविराम दार लावलं पूर्णविराम." ताई वाचायची आणि समोर वेताच्या खुर्चीत अण्णा मूळ प्रत मांडीवर घेऊन बसायचे. चूक सापडली तरी हू की चू करायचे नाहीत, नुसते खोकायचे. कोरडा, एकच खोकला. मग ताईने थांबायचं आणि चूक शोधायची.

अण्णा गेले. ताई एकटीच वाचायला बसली, आणि पहिल्याच पुस्तकात, भर दुपारी, समोरून खोकला आला. तिची पाचावर धारण बसली. खुर्ची रिकामी होती. बऱ्याच वेळाने धीर करून तिने ओळ पुन्हा पाहिली, तर एक अख्खा शब्द गळला होता.

हळूहळू ती सरावली. तिच्या पुस्तकात चूक म्हणून सापडत नसे. धंद्यातले लोक म्हणायचे, बाई डोळ्यांत तेल घालून वाचते. ताई हसायची, पण त्या खुर्चीवर कोणाला टेकू द्यायची नाही.

मग धाकट्या भावाला अण्णांच्या कपाटात त्यांच्या आत्मचरित्राचं हस्तलिखित सापडलं. धंद्यात भावाचा निम्मा वाटा, पण राहायचा परगावी. शेवटच्या प्रकरणात अण्णांनी लिहिलं होतं, 'माझ्यामागे हा व्यवसाय चालवील असं घरात कोणी नाही.'

"बघ ताई, अण्णाच म्हणतायत," भाऊ म्हणाला. "एवढं पुस्तक काढू आणि धंदा विकून मोकळे होऊ. गिऱ्हाईक तयार आहे."

ताईला धंदा जाणार हे लागलंच, पण ते वाक्य जास्त लागलं. इतकी वर्षं ती त्या माणसाच्या समोर बसली होती आणि त्याला समोर कोणी दिसलंच नव्हतं.

प्रुफाच्या दिवशी भाऊही आला, खिडकीपाशी स्टुलावर बसला. ताई वाचत गेली. त्या वाक्याशी ती अडखळली, तरी तिने ते पूर्णविरामापर्यंत नेलं.

खोकला आला.

भाऊ ताडकन उठला. "तू खोकलीस?"

"नाही."

"मग... मग चूक असेल. बघ ना!"

तिने अक्षर न् अक्षर मूळ प्रतीशी ताडून पाहिलं. चूक नव्हती. पुन्हा वाचलं. पुन्हा खोकला, या खेपेला जरा जवळून. भावाने कागद हिसकावून स्वतः वाचायला घेतला, तर पूर्णविरामाच्या आतच खोकल्याची उबळ सुरू झाली आणि थांबेना. घशात काही अडकावं तशी.

"काढून टाक ते वाक्य!" भाऊ ओरडला.

"लेखक गेला की त्याच्या अक्षराला हात लावायचा नाही, हे कोणी शिकवलं?" ताई भावाकडे नाही, खुर्चीकडे बघत होती. आता ती अडखळत नव्हती. "लिहिताना सुचायला हवं होतं, अण्णा. आता खोका."

तिने पान उलटलं. खोकला थांबला.

सगळ्यात शेवटी वाचायचं ते आरंभीचं माहितीचं पान. पुस्तकाचं नाव, आवृत्ती, मुद्रक, प्रकाशक. प्रकाशकाच्या ओळीत अण्णा गेल्यापासून ताईचंच नाव छापलं जाई, पण ती ओळ ती नेहमी पुटपुटत उरकायची. आज तिने आपलं नाव खणखणीत आवाजात वाचलं, पूर्णविरामासकट, आणि थांबली.

दोघंही खुर्चीकडे बघत राहिली. खोकला आला नाही. वेत तेवढा कुरकुरला, कोणी पाठ टेकून सैलावून बसावं तसा.

भावाने फोन काढला आणि गिऱ्हाइकाला लावला.

"साहेबांना विचारलं," तो म्हणाला. "त्या विकणार नाहीत."