यासिरचं गाव लाल यादीत

“मॅडम, अपने घर जाने के लिए भी परमिशन लगती है क्या?”

यासिर माझ्या टेबलासमोर उभा होता. मूळचा येमेनचा, आमच्या ग्वाल्हेरच्या युनिव्हर्सिटीत ॲग्रीकल्चरमध्ये पीएचडी करणारा. हिंदी इतकी पक्की झालेली की किला गेटला भाजीचा भाव करताना कोणी त्याला परका समजत नसे. ट्रॅव्हल कमिटीनं त्याला नकार दिला होता. मी इंटरनॅशनल ऑफिसची इनचार्ज आणि त्या कमिटीची मेंबर, म्हणून नकार कळवायचं काम माझं.

नियम साधा होता. परदेशांचे तीन रंग. हिरव्या देशात जा. पिवळ्यात जायचं तर रिस्क असेसमेंट द्या, म्हणजे धोका कोणता आणि तो आला तर काय करणार, हे आधी ठरवा. लाल देशात जायचं नाही, विषय संपला. रंग ठरायचे सरकारच्या ॲडव्हायझरीवरून, म्हणजे भारतीयांनी कुठे जाऊ नये या सूचनेवरून. येमेन लाल.

पण यासिरचा विषयच त्याच्या गावच्या डोंगरातली कॉफी. पाणी कमी पडलं तरी तग धरणारी झाडं त्याला शोधायची होती. ती झाडं काही आमच्या इथल्या शिंदे की छावनीत उगवत नाहीत.

मी रजिस्ट्रार तोमर सरांकडे गेले. म्हटलं, “सर, ॲडव्हायझरी भारतीयांसाठी आहे. हा तिथलाच नागरिक.”

“इन्शुरन्स?” सर म्हणाले. “युद्धवाला इलाका पॉलिसी में कवर नहीं होता. कल कुछ हो गया तो अख़बार में नाम किसका आएगा?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “जाधव मॅडम, उसको छुट्टी दे दो. घर जाए, जो करना है करे. हमको कुछ मालूम नहीं.”

सगळे ऑफिसर हाच रस्ता काढतात. कागदावर मुलगा सुट्टीवर. तिकडे काही घडलं तर तो आपला नाही, आणि नाही घडलं तर थीसिस आपला.

“नाही सर. मी सुट्टी देणार नाही,” मी म्हटलं.

“क्या मतलब?”

“तो कामासाठी चाललाय, तर कामासाठीच जाईल. आपण नाही म्हटलं तरी तो जाणारच, त्याची आई तिथे आहे. मग तो कुठे आहे हे कोणालाच माहीत नसेल. त्यापेक्षा मोठी रिस्क कुठली?”

“तो फिर ज़िम्मेदारी आप लीजिए.”

“घेते.”

घरी नवरा म्हणाला, “कशाला पंगा घेतेस? पेन्शनपर्यंत पोचायचंय ना?” आमचे पूर्वज दख्खनेतून शिंद्यांच्या फौजेबरोबर इथे आले. हुकूम मानायची सवय रक्तातच आहे म्हणतात. माझ्यापर्यंत ती आली नसावी.

यासिरला बसवलं आणि सगळं खणून विचारलं. कुठल्या रस्त्यानं जाणार? कुठे अजिबात जाणार नाही? विमानतळ बंद झाला तर? “फिर ओमान का बॉर्डर, मॅडम. लंबा है, लेकिन खुला रहता है.” तिथल्या ॲग्रीकल्चर कॉलेजातले डॉ. सालेह त्याचे लोकल गाइड झाले. ठरलेल्या दिवशी यासिरनं मला कॉल करायचा. त्याला चेक-इन म्हणतात. नाहीच आला, तर मी डॉ. सालेहना फोन करायचा. कुलगुरूंनी मंजुरी दिली, खाली जबाबदार अधिकारी म्हणून माझं नाव घालून.

यासिर गेला. सुरुवातीचे कॉल वेळेवर आले. मागे कोंबडा आरवायचा आणि त्याची आई मला अरबीत काहीतरी आशीर्वाद द्यायची. मग एक कॉल आला नाही. पुढचाही नाही. डॉ. सालेहचा फोन लागेना. टीव्हीवर विमानतळ बंद झाल्याची बातमी.

तोमर सरांनी बोलावलं. या वेळी चहासुद्धा मागवला.

“मॅडम, अभी भी टाइम है. पुरानी तारीख में छुट्टी सैंक्शन कर दीजिए. आप भी बचेंगी, युनिव्हर्सिटी भी.”

खरं सांगते, मी घाबरले होते. पण राग त्याहून मोठा होता. मुलगा सापडत नाही आणि हा माणूस तारीख शोधतोय.

“सर, तो सुट्टीवर नव्हता. आपण पाठवलंय त्याला. मला आत्ता सही नको, ओमानमधल्या आपल्या दूतावासाला फोन हवाय. तुमच्या नावानं. माझं तिथे कोण ऐकणार?”

मी उठले नाही. चहा गार झाला. शेवटी त्यांनी फोन उचलला.

इकडे मी डॉ. सालेहना फोन लावत राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी लागला. खालच्या रस्त्यावर गोळीबार झाला होता, मोबाइलचा टॉवर बंद होता, आणि यासिर वरच्या गावात मामाकडे सुखरूप होता. “ठरल्याप्रमाणे त्याला खाली येऊ दिलं नाही,” ते इंग्रजीत म्हणाले. रस्ता शांत झाल्यावर ट्रकनं, मग बसनं तो ओमानला पोचला. तिथल्या आपल्या दूतावासात त्याचं नाव आधीच पोचलेलं, त्यामुळे भारतात परतायच्या व्हिसाचं अडलं नाही. ग्वाल्हेर स्टेशनवर उतरला तेव्हा अर्धा झाला होता. झाडांची पानं मात्र त्यानं व्यवस्थित वाळवून आणली होती.

पुढच्या मीटिंगमध्ये नियमात एक ओळ वाढली: परदेशी विद्यार्थी स्वतःच्या देशात कामासाठी जात असेल, तर रंग न बघता असेसमेंट करावं. त्याच मीटिंगमध्ये कमिटीतून माझं नाव कमी झालं. “आपका वर्कलोड बहुत है,” असं कारण सांगितलं.

असो. सध्या सुदानच्या एका मुलीचं असेसमेंट चालू आहे. कमिटीत नसले तरी ते मीच करते, आणि कोणी अडवलेलं नाही. जबाबदारी घ्यायला ऑफिसात फारशी स्पर्धा नसते.