बाबांनी कापलेली दोरी

माझ्या जिभेला हाड नाही, असं आई मी लहान असल्यापासून म्हणत आली आणि ते खरंच होतं. चाळीत कोणाचं कोणाशी पटत नाही, कोणाच्या घरी कालची भाजी आज पुन्हा गरम झाली, हे सगळं मी पाहुण्यांसमोर सांगून मोकळी व्हायचे. त्यासाठी मारही खाल्ला. म्हणूनच त्या एका रविवारी मी गप्प का राहिले, याचा मला अजून राग येतो. बोलायची खरी गरज होती तेव्हाच मी मूग गिळून बसले.

संपाला वर्ष उलटून गेलं होतं. बाबा लालबागच्या एका गिरणीत विणखात्यात होते, वीस वर्षं. पहिले काही महिने चाळीत सभा, मोर्चे, हसणं-खिदळणं असं सगळं होतं. मग एकेक बिऱ्हाड कोकणात जायला लागलं. आमच्याच मजल्यावरच्या चार खोल्यांना कुलपं लागली. माझ्या वर्गातल्या मुली कमी होत गेल्या, आणि बाईंनी उरलेल्यांना पुढच्या बाकांवर बसवलं.

एकदा जेवताना बाबांनी सरळ सांगून टाकलं, "ह्यां काम मेळला तर हयच रवयात. नाय तर शाळा संपली काय तुम्ही तिघांय गावाक जावा." तिघं म्हणजे आई, मी आणि धाकटा भाऊ. गावातली शाळा चौथीपर्यंत, आणि मी तर पाचवीत होते. "मग माझी शाळा?" असं मी विचारलं, तर आई म्हणाली, "मगे बघूया." आमच्या घरात 'मगे बघूया' याचा अर्थ 'नाही' असा होता. मी भात तसाच टाकून उठले, आणि त्या दिवसांत भात टाकणं म्हणजे काय ते मलाही कळत होतं.

ते काम असं होतं. खालच्या मजल्यावरचे एक काका एका शाळेत शिपाई होते. त्या शाळेच्या मुलांना सह्याद्रीत शिबिराला नेणारी एक संस्था होती आणि तिला तंबू, दोऱ्या, पिशव्या दुरुस्त करून ठेवायला कायमचा माणूस हवा होता. काकांनी बाबांचं नाव सांगितलं. संस्थेनं आजमावायला म्हणून एक फाटका तंबू पाठवला आणि निरोप दिला की गिरगावात समुद्राकडच्या मैदानावर साहसी सहलींचं मोठं प्रदर्शन भरणार आहे, तंबू दुरुस्त करून तिथे आमच्या मांडवात घेऊन या.

दुसरा कोणी असता तर ठिगळ लावून मोकळा झाला असता. बाबांनी तंबूच्या आतल्या दुमडीतून त्याचेच धागे काढले आणि आधी उभे, मग आडवे, असे सुईनं विणत हातभर फाटलेलं कापड भरून काढलं. पाच दिवस ते खिडकीशी बसून होते. संप सुरू झाल्यापासून प्रथमच ते कामात इतके बुडाले, की कोणी हाक मारली तर ऐकू यायचं नाही.

रविवारी सकाळी शेजाऱ्यांची सायकल घेतली. मागे कॅरियरला तंबू, पुढे दांड्यावर मी. मला कशाला नेलं, तर तंबू कोणी पळवू नये म्हणून लक्ष ठेवायला, असं बाबा म्हणाले. खरं म्हणजे साहेबांसमोर एकट्यानं जायला ते कचरत होते. चाळीच्या तोंडाशीच एकानं विचारलं, "काय रे, सर्कस काढलंस की काय?" बाबा म्हणाले, "होय, ही बघ माझी वाघीण." सगळे हसले. मीही नखं दाखवून गुरगुरले.

गिरणीच्या फाटकावरून सरळ रस्ता होता, पण बाबांनी सायकल आतल्या गल्लीत घातली. फाटकाशी त्यांचेच सोबती बसलेले असायचे. दुसरं काम शोधणं काही पाप नव्हतं, सगळेच शोधत होते, तरी त्यांच्या डोळ्यांसमोरून जायला बाबांना जड जात होतं. भायखळ्याच्या पुलावर चढाला ते उतरले. मी उतरायला निघाले तर म्हणाले, "तू बस गो. तुझा वजन ता काय!" घामानं त्यांचा इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला. उतारावर मात्र त्यांनी सायकल अशी सोडली, की मी किंचाळले. नागपाडा, लॅमिंग्टन रोड, ऑपेरा हाऊस. सिनेमाचे बोर्ड दिसले की मी मोठ्यानं वाचायची आणि बाबा म्हणायचे, "शिकवल्याचा चीज झाला." वाटेत एका टपरीवर त्यांनी स्वतःला चहा घेतला नाही, मला मात्र खारी घेऊन दिली. मला तेव्हा वाटलं की काम मिळालंच आहे आणि आम्ही ते फक्त आणायला चाललो आहोत.

मैदानात जागोजाग मांडव होते. बर्फात घालायचे बूट, निळ्या पिशव्या, डोंगरांचे फोटो. माणसं मजा म्हणून डोंगर चढतात आणि उघड्यावर झोपतात, हे मला नवीनच होतं. आमच्या चाळीत निम्मे पुरुष गॅलरीत झोपायचे आणि त्याला कोणी साहस म्हणत नसे.

संस्थेचे प्रमुख खाकी हाफपँटमध्ये होते. त्यांनी तंबू उजेडात धरला, उलटा केला, बोटं फिरवली. त्यांना फाटलेली जागा सापडेना. त्यांनी आणखी दोघांना बोलावलं. त्यांनाही सापडेना. शेवटी बाबांनीच दाखवली. "अहो, काय हात आहे तुमचा!" प्रमुख म्हणाले. "डोंगरात राहाल ना? घर सोडून राहावं लागेल." बाबा म्हणाले, "ऱ्हाईन साहेब." बाबा 'राहीन' म्हणायला गेले की हमखास तसं व्हायचं, पण मला तेव्हा त्याचीही लाज वाटली नाही.

त्यांचं बोलणं चाललं होतं तोवर मी शेजारी मुलांच्या घोळक्यात घुसले. एक ताई गाठी शिकवत होती. चारपाच गाठी तिनं दाखवल्या, माझ्या लक्षात एकही राहिली नाही. राहिलं ते एकच. गाठ मारून झाल्यावर दोरीचं टोक वीतभर बाहेर ठेवायचं. "टोक आखूड ठेवलं की गाठ सरकते," ती म्हणाली आणि तिनं आम्हा सगळ्यांकडून ते तीनदा वदवून घेतलं. मग ती चहा प्यायला गेली.

मांडवापुढे बांबूंची उंच परांची बांधली होती. मुलाच्या कमरेला पट्टा बांधायचा आणि कप्पीवरून दोरीनं वर ओढायचं, असा खेळ होता. पट्ट्याची बारीक दोरी झिजली होती, म्हणून नवा तुकडा मोठ्या दोरीला जोडायचा होता. प्रमुखांनी सहज म्हटलं, "बघा, हे जमतंय का. तुमचंच काम आहे हे पुढे."

गाठ हा तर बाबांचा श्वास होता. मागावर धागा तुटला की तो जोडून माग पुन्हा चालू करायचा, दिवसातून किती वेळा याची गणतीच नाही. ती गाठ इतकी बारीक लागते की फणीच्या फटीतून निघाली पाहिजे. आणि टोकं ताबडतोब, अगदी गाठीपाशी कापायची. टोक राहिलं तर ते शेजारच्या धाग्यात अडकतं, कापडात डाग दिसतो आणि जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, आईबहिणीचा उद्धार करतो. वीस वर्षांत ती सवय हाडात गेली होती. आईच्या परकराची नाडी असो की माझ्या आकाशकंदिलाचा दोरा, बाबा गाठ मारायचे आणि लगेच टोक कापायचे.

त्यांनी जाड आणि बारीक दोरी हातात घेतली. डोळ्याची पापणी लवायच्या आत गाठ झाली. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी म्हणालं, पुन्हा करून दाखवा. बाबांनी सोडून पुन्हा केली. त्यांचा चेहरा असा मी वर्षभरात पाहिला नव्हता. मग त्यांनी टेबलावरचा सुरा उचलला आणि दोन्ही टोकं गाठीलगत छाटून टाकली. गाठीवरून बोट फिरवून ते समाधानानं हसले.

मी पाहिलं. मला माहीत होतं. "बाबा, वीतभर ठेवायचं," एवढे तीनच शब्द होते. पण भोवती पंधरावीस माणसं होती आणि साहेब बाबांच्या पाठीवर थाप मारत होते. पाचवीतल्या पोरीनं एवढ्या लोकांत बापाची चूक काढायची? आणि ताईला तरी काय ठाऊक, बाबा वीस वर्षं गाठी मारतायत, असंही मी मनाला सांगितलं. बाबांनी दोरी पायाखाली धरून दोनदा जोरात ओढून पाहिली, ती टिकली. प्रमुखांनी विचारलं, "पक्की ना?" तर बाबा म्हणाले, "माझी पोरगीच चढात पयली."

मी गेले. त्यांनी माझ्या कमरेला पट्टा बांधला आणि मी हात वर करून उभी राहिले. मला भीती वाटत होती, पण बाबांच्याच गाठीला घाबरते असं कसं सांगणार? दोघांनी दोरी ओढली. मी वर गेले, लोकांच्या डोक्यांच्याही वर, तिथून समुद्राची पट्टी दिसली. गाठ माझ्या नाकासमोर होती. सुताला सूत धरून ठेवतं, पण ही दोरी नायलॉनची होती, गुळगुळीत. मला ती सरकताना दिसली. तेव्हाही मी ओरडले नाही.

खाली गाद्या होत्या म्हणून मनगटावर निभावलं. मी पडले तेव्हा आधी कोणीतरी हसलं, मग बायकांचा गलका. बाबा धावत आले. "तुका खंय लागला? खंय लागला गो?" एवढंच ते म्हणत होते. माझ्या पट्ट्याला लोंबणारा तो आखूड टोकाचा तुकडा त्यांनी हातात धरला होता. ताई चहा अर्धाच सोडून धावत आली, तिनं दोरी पाहिली आणि प्रमुखांकडे पाहिलं.

प्रमुखांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते फार चांगले वागले. माझ्या मनगटाला पट्टी बांधून दिली, सरबत दिलं, बाबांना खुर्ची दिली. मग हळू आवाजात म्हणाले, "चूक माझीही आहे, मी बघायला हवं होतं. पण माझ्याकडे लोकांची मुलं असतात हो." बाबांनी मान हलवली. ते एकदाही म्हणाले नाहीत की शिकवा, शिकेन. मला वाटत होतं त्यांनी म्हणावं. मीही म्हणू शकले असते, माझ्या तर जिभेला हाड नव्हतं. तंबूच्या कामाचे पैसे प्रमुखांनी पाकिटात घालून दिले.

परतताना बाबांनी मला दांड्यावर बसवलं, पण स्वतः सायकलवर बसले नाहीत. गिरगावपासून लालबागपर्यंत ते हँडल धरून चालत आले. उतारावरसुद्धा. मी दोनदा म्हटलं, "बाबा, बसा ना." ते म्हणाले, "नको. तू पडशीत." घरी आईनं मनगट पाहून विचारलं तर ते म्हणाले, "माझ्या हातान पडला चेडू." आई त्यांच्यावर ओरडली आणि मी भिंतीकडे तोंड करून निजण्याचं सोंग घेतलं.

मे महिन्यात आम्ही निघालो. परळच्या डेपोत एस.टी.च्या टपावर आमचं सामान चढवलं. आदल्या गणपतीपर्यंत गावी जाताना बाबा स्वतः टपावर चढून वळकटी अशी आवळायचे, की गावी ती सोडायला आजोबांना कोयता लागायचा. त्या दिवशी ते खाली उभे राहिले आणि हमालाला म्हणाले, "तू बांध रे." हमाल बांधत होता, आणि बाबा दुसरीकडे बघत होते.

मी खिडकीशी बसले होते. गाडी सुरू झाली तेव्हा एकदम माझ्या तोंडून निघालं, "बाबा, माका म्हायत होता."

"काय म्हायत होता?" ते गाडीबरोबर चालत म्हणाले.

टोक कापताना मी पाहिलं होतं, हे सांगायचं तर त्यांची चूक मोठी होते की लहान, ते मला ठरवता येईना. गाडीनं वेग घेतला. बाबा हात वर करून ओरडले, "काय गो? काय म्हायत होता?"

"काय नाय," मी म्हटलं. पण ते त्यांना ऐकू गेलं नसावं, कारण गाडी वळेपर्यंत ते कानामागे हात धरून उभे होते.