कानमिस्त्री आणि साबणाचं पाणी

बिजागऱ्यांच्या त्या कारखान्यात मिस्त्रींना सगळे कानमिस्त्री म्हणत आणि मिस्त्रींना ते भारी आवडे. कुणी मागून नुसतं 'मिस्त्री' अशी हाक मारली, तर ते मान वळवत नसत. लोकांना वाटे, मानी माणूस आहे. खरं कारण निराळं होतं आणि ते त्यांनी जिवापाड लपवलं होतं.

नाव पडलं त्याला तीस वर्षं झाली. पत्रा कापणाऱ्या एका प्रेसची मोटार कुरकुरत होती. बाहेरून आलेले दोन कारागीर डोकं खाजवत उभे होते. मिस्त्री पुढे झाले, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला टेकवलं, त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावली, डोळे मिटले आणि म्हणाले, "डावीकडचं बेअरिंग." उघडलं तर डावीकडचंच. डोळे मिटायची तशी काही गरज नव्हती; पण बघायला माणसं जमली की मिस्त्रींना थोडं जास्तच सुचायचं.

त्या नावावर त्यांनी तीस वर्षं काढली. यंत्र, मोटार, कंप्रेसर आणि छताखालून फिरणारी हवेची पाइपलाइन, सगळं त्यांच्या हाताखाली. त्या हवेवर प्रेस चालायचे. शिवाय सुट्टी झाली की चौदाच्या चौदा माणसं हवेची नळी अंगावर फिरवून कपड्यांवरची धूळ उडवायची. त्याला तिथे 'हवेची आंघोळ' म्हणत.

मात्र गेली पाच-सहा वर्षं मिस्त्रींना बारीक आवाज ऐकू येत नव्हते. प्रेसचा दणका ऐकू येई, मोटारीची घरघर ऐकू येई. कुकरची शिट्टी मात्र नाही, दारावरची बेल नाही आणि बायकोचं हळू आवाजातलं बोलणं तर मुळीच नाही. स्क्रूड्रायव्हर अजून साथ देई, कारण मोटारीचा कंप हाडातून पोचतो. कारखान्यात सगळेच ओरडून बोलत, त्यामुळे तिथे कुणाला पत्ता लागला नाही. घरी ते प्रत्येक गोष्टीला 'हं' म्हणत. संसारात 'हं' बरीच वर्षं पुरतं, हे मी अनुभवाने सांगतो.

अशात उद्योजकांच्या संघटनेकडून एक पुस्तिका आली. छोट्या कारखान्यांनी आपली वीज कुठे वाया जाते ते आपणच तपासावं, पानं भरावीत, सह्या कराव्यात आणि एक प्रत आपल्या फलकावर लावावी. शेठने पहिली दोन पानं उत्साहाने भरली. दिवे किती, पंखे किती, छताचे पारदर्शक पत्रे शेवटचे कधी धुतले. (उत्तर : "बसवताना पाऊस पडला होता.") स्टोअरमधला एक दिवा रात्रंदिवस जळतो आणि त्याचं बटण कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही, हा शोधही तेव्हाच लागला. तिसऱ्या पानावर हवेची लाइन होती. तिथे येऊन शेठ थांबला.

त्याने मिस्त्रींना केबिनमध्ये बोलावलं. "मिस्त्री, स्पष्ट बोलतो. माझ्या मेव्हण्याने एक पार्टी आणलीय. पिस्तुलासारखं यंत्र असतं त्यांच्याकडे, लांबूनच गळती दाखवतं. लाइनची देखभाल वर्षाच्या करारावर घ्यायला तयार आहेत. मी म्हटलं, आधी आमचे मिस्त्री बघतील. तुमच्या तपासणीत सगळं नीट उतरलं, तर लाइन तुमचीच. नाहीतर द्यावी म्हणतो बाहेर."

हे मिस्त्रींना सगळं ऐकू आलं. न आलं असतं तर बरं झालं असतं. लाइन गेली की कंप्रेसर जाणार, कंप्रेसर गेला की निवृत्तीपर्यंत उरलेली तीन वर्षं स्टुलावर बसून बिजागऱ्यांची कुरकुर ऐकायची. तीही ऐकू येणार नाही ते वेगळंच.

"माझ्या लाइनीत गळती?" मिस्त्री छाती काढून म्हणाले. "सुट्टीच्या दिवशी या. सगळं बंद ठेवू. माशी उडाली तरी सांगेन."

माशीचं नाव कशाला काढलं, याचा त्यांना रस्ताभर पश्चात्ताप झाला.

सुट्टीच्या दिवशी सकाळी दोघंच आले. पुस्तिकेत पद्धत दिली होती : सगळी यंत्रं बंद, फक्त कंप्रेसर चालू. त्याची हवेची टाकी भरली की तो आपोआप थांबेल. मग शांततेत लाइनभर फिरून कान द्यायचा आणि घड्याळ लावून कंप्रेसर पुन्हा किती मिनिटांनी सुरू होतो ते लिहायचं. हवा कुणी वापरतच नसेल, तर त्याला पुन्हा सुरू व्हायचं कारण काय?

टाकी भरली. कंप्रेसर थांबला. इतक्या वर्षांत मिस्त्रींनी तो कारखाना असा गप्प कधी पाहिला नव्हता. ते लाइनखालून पावलं मोजत चालले. प्रत्येक जोडापाशी थांबायचे, डोळे मिटायचे, मान हलवायचे. शेठ मागोमाग यायचा, तोही कान द्यायचा, तोही मान हलवायचा.

"काही नाही," मिस्त्री म्हणाले.

"काहीच नाही," शेठ म्हणाला.

शेठने पुस्तिकेत लिहिलं : गळती शून्य. नेमक्या त्याच वेळी कंप्रेसर धाडकन सुरू झाला. घड्याळात चार मिनिटं झाली होती.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी घड्याळाकडे पाहिलं, जणू चूक त्याची होती.

"हवा गरम असते ना," मिस्त्री म्हणाले, "थंड झाली की आक्रसते."

"असेल," शेठ म्हणाला. "आक्रसते."

पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा चार मिनिटं. तिसऱ्यांदा लावणार, तेवढ्यात मिस्त्रींची बायको डबा घेऊन दारात आली. आत पाऊल टाकलं आणि तशीच थबकली.

"अहो," ती म्हणाली, "हे एवढं काय फुसफुसतंय इथे? साप-बिप शिरलाय की काय?"

मिस्त्रींना तिचे ओठ दिसले आणि 'साप' तेवढा ऐकू आला. ते पटकन स्टुलावर चढले.

"साप नाही हो, हवा!" ती जवळ येऊन मोठ्याने म्हणाली. "ही बघा, इथे. तिकडे खांबापाशी. त्या कोपऱ्यात तर शिट्टीच वाजतेय. तुम्हाला दोघांना ऐकू येत नाही?"

शेठ चटकन म्हणाला, "मला येतंय ना वहिनी, केव्हाचं येतंय! मी मुद्दाम बोललो नाही. म्हटलं, मिस्त्रींची परीक्षा घ्यावी."

मिस्त्री स्टुलावरून हळूच उतरले. एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटलं त्यांना. तीस वर्षांचं नाव, आणि डबा घेऊन आलेल्या बायकोने ते उंबऱ्यातूनच पुसून टाकलं होतं. तिचा राग आला, मग आपलाच आला. शेठ फोन करायला बाहेर गेला, तो मेव्हण्यालाच करणार असं त्यांनी धरून टाकलं.

"तुला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"घरात राहते मी," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात म्हटलं, माझी बहीण चार दिवस राहायला येतेय. तुम्ही म्हणालात 'हं'. ती आली तेव्हा तुम्ही दारात भूत बघितल्यासारखे उभे होतात. आता रडायला बसणार आहात, की ती फुसफुस बंद करणार आहात?"

मिस्त्रींनी हात धुवायच्या मोरीवरचा साबण बादलीत कालवला, रंगाचा जुना ब्रश घेतला आणि शिडी लावली. जोडाला साबणाचं पाणी लावलं आणि तिथून हवा सुटत असली, की फुगे येतात. त्याला कान लागत नाही. बायको खालून बोट दाखवायची, मिस्त्री वर फुगे शोधायचे आणि खडूने खूण करायचे. पण अकरा जागांनंतर बायको थांबली. "आता काही ऐकू येत नाही बाई," ती म्हणाली.

मिस्त्री थांबले नाहीत. ही लाइन त्यांनी स्वतः जोडली होती. कुठल्या रंगाखाली कुठला जोड दडलाय, कुठली नळी घाईत वाकवून बसवली होती, कुठे टेप संपली म्हणून सुतळी गुंडाळून 'उद्या बघू' म्हटलं होतं, हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं. त्या 'उद्या'ची आज पाळी आली. प्रत्येक 'उद्या'पाशी बारीक फुगे येत होते. शेठ परत आला तेव्हा खडूच्या खुणा चौतीस झाल्या होत्या. तो शिडी धरायला उभा राहिला.

संध्याकाळपर्यंत वीस जागा घट्ट झाल्या. उरलेल्या चौदा जागा नव्या कपलिंगांसाठी राहिल्या, त्यांच्याकडे जाणारे वॉल्व्ह तात्पुरते बंद केले. पुन्हा घड्याळ लावलं. या वेळी कंप्रेसर सव्वीस मिनिटं गप्प बसला. मिस्त्रींच्या बायकोने तेवढ्या वेळात डबा गरम करून दोघांना वाढला आणि दोघंही जेवताना घड्याळाकडेच बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीआधी शेठने मिस्त्रींना केबिनमध्ये बोलावलं. पुस्तिका समोर होती. 'गळती शून्य' खोडून 'चौतीस' केलेलं होतं. खाली एक रकाना होता : गळती कशी शोधली? पुढे तीन चौकटी होत्या. कानाने, साबणाच्या पाण्याने, यंत्राने.

"कानाने लिहितो," शेठ म्हणाला आणि खूण करूनही टाकली. "फलकावर लागणार आहे. तुमच्या नावाला शोभेल. वहिनींचं काही कुठे बोलायचं नाही, काय? आणि लाइन तुमच्याकडेच. त्या पार्टीला मी कालच नाही म्हणून कळवलं."

मिस्त्रींना हायसं वाटलं. तोंडात 'हं' आलंसुद्धा होतं. लाइन राहिली होती, नाव राहिलं होतं. आणखी काय हवं होतं माणसाला?

पण त्यांची नजर रकान्याखालच्या ओळीवर गेली : पुढील तपासणी सहा महिन्यांनी, याच पद्धतीने. सहा महिन्यांनी पुन्हा ते डोळे मिटून लाइनखाली उभे राहणार, पुन्हा मान हलवणार, पुन्हा शून्य लिहिलं जाणार. आणि बायको काही दर वेळी डबा घेऊन येणार नाही.

"शेठ," ते मान खाली घालून, तोंडातल्या तोंडात म्हणाले, "कानाने नका लिहू. मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत."

शेठने पुस्तिकेतून मान वर केली. "काय म्हणालात?"

अशी गोष्ट दोनदा सांगायची म्हणजे काय असतं, ते सांगणाऱ्यालाच कळतं. "मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत."

शेठ पुढे झुकला, तळवा कानामागे धरला. "जरा मोठ्याने बोला हो, हा प्रेस चालू आहे."

"मला ऐकू येत नाही!" मिस्त्री ओरडले. "सहा वर्षं झाली!"

प्रेस मघाशीच बंद झाला होता. चहाची सुट्टी झाली होती. बाहेर चौदा माणसं हातात कप धरून गप्प उभी होती आणि केबिनचं दार सताड उघडं होतं.

मिस्त्रींचं तिकडे लक्ष नव्हतं. ते शेठच्या कानामागच्या तळव्याकडे पाहत होते. हा माणूस अठराव्या वर्षापासून त्याच प्रेसशेजारी उभा राहिला होता, त्यांच्यासारखाच.

शेठने तळवा खाली घेतला. कान लालबुंद झाले होते. तो पेनाचं टोपण काढत-लावत बसला.

"काल फिरताना," तो शेवटी म्हणाला, "तुम्ही मान हलवलीत, म्हणून मी हलवली. मला वाटलं, तुम्हाला ऐकू येत नाही म्हणजे गळती नसेलच."

"आणि मला वाटलं, तुम्हाला येतंय," मिस्त्री म्हणाले.

दारातून पॅकिंगवाल्या मावशींनी डोकं आत घातलं आणि दोघांना पोचेल अशा खड्या आवाजात म्हणाल्या, "आम्हाला तुमचं दोघांचंही माहीत आहे. उगाच का आम्ही सगळे बोंबलत असतो?"

शेठने 'कानाने'वरची खूण खोडली आणि साबणाच्या चौकटीत केली. मग शेरा लिहायच्या जागी त्याने लिहायला घेतलं : तपासणी करणाऱ्याला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, त्यामुळे पुढेही घड्याळ आणि साबण वापरावा. एवढं लिहून त्याने ते मिस्त्रींना वाचायला दिलं. मिस्त्रींनी वाचलं आणि सहीसाठी हात पुढे केला, तर शेठने कागद परत ओढून घेतला, 'करणाऱ्याला' खोडलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं : 'करणाऱ्या दोघांनाही'.