कुठून? कुठे?

चाचा गिऱ्हाइकाला "या" म्हणायचे नाहीत, "हात लावलात?" असं विचारायचे. बुधवार पेठेतल्या त्यांच्या दुकानात बिघडलेली डिस्क घेऊन येणारा प्रत्येक जण "नाही" म्हणे, आणि चाचा "म्हणजे लावलात" म्हणत ती काढून घेत.

गळ्यात काळ्या दोरीला पेनड्राइव्ह. डिस्कची हुबेहूब प्रत काढणारं सॉफ्टवेअर त्यावरूनच चालायचं. "कॉम्प्युटरवर कायमचं बसवून टाका ना," असं मी एकदा शहाणपणानं सुचवलं. चाचा म्हणाले, "आपण जेवायला जाताना गादी घेऊन जाता का?" आमच्या सासुरवाडीशी त्यांची ओळख नव्हती, तरीही नेम बरोबर लागला.

"आधी प्रत, मग इलाज," हा त्यांचा नियम. प्रत काढताना ते मागे टेकून डोळे मिटायचे आणि गिऱ्हाइकाकडून वाचून घ्यायचे. "कुठून? कुठे? बटणावर काय लिहिलंय?" पन्नाशीत पहिलीत बसवल्यासारखं वाटे.

गेल्या वर्षी आत्याला अर्धांगवायू झाला, वाचा गेली. घराण्याच्या गोष्टी हल्ली मी सांगतो, पण त्यात तिखटमीठ माझं असतं. खऱ्या गोष्टी आत्याच्या आवाजात एका मेमरी कार्डावर रेकॉर्ड केलेल्या होत्या. ते कॉम्प्युटरला लावलं तर तो विचारू लागला, फॉरमॅट करू का? मी "हो" म्हणणार, तेवढ्यात लेकीनं मनगट धरलं, "बाबा, हात!"

तसाच चाचांकडे धावलो.

"दुसरी प्रत?"

"नाही."

चाचा टोमणा मारतील म्हणून थांबलो. त्यांनी कार्ड मशीनला लावलं आणि माउस माझ्याकडे सरकवला.

"चाचा, आज तुम्हीच करा."

"आपण वाचा. कुठून?"

"कार्डावरून."

"कुठे?"

"इथल्या फाइलमध्ये."

"बटण?"

घामेजलं बोट माउसवर टेकलेलंच होतं. "राइट."

"हात काढा!"

'रीड'नं कार्डाची प्रत इकडे आली असती. 'राइट'नं आधीच्या कुणाची तरी फाइल आत्याच्या आवाजावर लिहिली गेली असती. घाबरलेला माणूस चिडतो तसा मी चिडलो. "समोर दिसत असताना परीक्षा कसल्या घेता?"

"दिसत असतं तर आपल्याला विचारलं असतं का?" चाचा शांतपणे म्हणाले. "दोन वर्षं झाली. अक्षरं पुसट झालीत."

म्हणजे परीक्षा नव्हतीच. माझ्यासारख्यांच्या तोंडावर हा माणूस विश्वास टाकत होता.

'रीड' दाबलं. हिरवी पट्टी निम्म्यावर अडली. "अडली ना? हलू नका," चाचा म्हणाले. मी श्वासही रोखला. पट्टी सरकली, थांबली, पुन्हा सरकली. एकदाची प्रत झाली. त्या प्रतीवर चाचांनी माझ्याकडून वाचून घेत काय काय खटपट केली, आणि स्पीकरमधून आत्या कडाडली, "अरे, नीट ऐक, मध्ये बोलू नकोस!"

"आपला अनुभव यांनाही आहे म्हणायचा," चाचा म्हणाले.

दिवाळीनंतर दुकान बंद करून ते मुलीकडे सोलापूरला गेले. डोळ्यांच्या इलाजाला आता उशीर झालाय म्हणे. जाताना दोरीसकट पेनड्राइव्ह माझ्या गळ्यात घातला. एवढ्या बेभरवशाच्या गळ्यात का, ते विचारायचं राहिलं.

आत्याच्या गोष्टींची नवी प्रत काढताना मी त्यांना फोन लावतो. कुठून, कुठे, बटण, सगळं वाचून दाखवतो. "हं. दाबा," म्हणतात, तेव्हाच दाबतो. परवा काम झाल्यावरही त्यांनी फोन ठेवला नाही.

"आत्यांना लावा जरा."

मी फोन स्पीकरजवळ धरला. आत्या सांगत राहिली. शेजारच्या खोलीत ती स्वतःही ऐकत होती. मध्ये कुणीच बोललं नाही.