फ्रीजमधला गाळ

लग्न होऊन तलवाड्याकडच्या या घरात आले, तेव्हा माझ्या सामानात हातभर लांबीचे दोन प्लॅस्टिकचे पाइप होते. आत केजजवळच्या एका जुन्या तलावाचा गाळ होता. तलाव आटल्यावर कॉलेजातल्या माझ्या मॅडमबरोबर मीच ते पाइप तळात ठोकून वर काढले होते. दर पावसाळ्यात तलावाच्या तळाशी नवा थर बसतो. भरल्या पाण्यातला वेगळा, दुष्काळातला वेगळा. त्या थरांमधले परागकण मोजले की फार पूर्वी इथलं पाऊसमान कसं होतं, ते कळतं. त्यावरच मला पीएच.डी. करायची होती.

गाळ वाळू द्यायचा नसतो. कॉलेजचं शीतकपाट बिघडलेलं होतं, म्हणून मॅडम म्हणाल्या, "महिनाभर तुझ्याकडे फ्रीजमध्ये ठेव. मग पुण्याच्या प्रयोगशाळेत घेऊन जा."

सासरे राजकारणातले. "निवडणूक होऊ दे, मग जा," ते म्हणाले. निवडणूक झाली. मग दिराचं लग्न निघालं. मग नवरा म्हणाला, "आत्ता घरात माणूस नको का?" कुणी आवाज चढवला नाही, कुणी नाही म्हटलं नाही. त्यामुळे भांडायचं कुणाशी, तेच मला कळेना. सकाळी चहाची पातेली चढायची, कार्यकर्ते यायचे-जायचे, आणि मी दुधाच्या भांड्यामागचे पाइप दिवसातून एकदा हाताने चाचपायची. गार लागले की बरं वाटायचं.

एका बैठकीच्या दिवशी हात घातला, तर तिथे पाण्याच्या बाटल्या. पाइप नव्हते. शोधत गच्चीवर गेले. टाकीशेजारी नळाच्या पाइपांच्या ढिगात ते पडलेले होते, भर उन्हात. हलवले तर आतून खुळखुळ आवाज आला. गाळ आक्रसून सुटला होता. मी तिथेच खाली बसले.

सासूबाई वर आल्या. "काय झालं गं? कावून रडायलीस?"

"आई, माझा गाळ वाळला."

"मीच काढाय लावलं ते. मला काय म्हाईत! नळवाल्याचं वाटलं."

मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "मधला भाग अजून ओला असेल. आत्ताच चीर, तुकडे करून पाकिटांत भर, प्रत्येकावर खोलीचा आकडा लिही आणि पाठवून दे."

सासूबाईंनी स्वतःच करवत आणली. त्यांनी पाइप पायाखाली दाबून धरला, मी उभा चिरला. दोन फाका झाल्या. टोकांना भेगा होत्या, पण मधे काळा, ओलसर गाळ होता, त्यात राखाडी पट्टे आणि एक जाड रेतीची रेघ.

"ही रेती कशाची?"

"मोठा पूर आला असेल."

"आन् ह्यो पांढरा पट्टा?"

"बहुतेक पाणी आटलं असेल तेव्हा. पुण्यात तपासल्यावर कळेल."

त्या वाकून बघत राहिल्या. "लईच जाड हाय की," म्हणाल्या. "कशी काढली असतील मान्सांनी तेवढी वर्सं?" मग उठताना हळूच म्हणाल्या, "मी बोलते यांच्याशी."

त्या बोलल्या. पलीकडच्या खोलीतून मला ऐकू आलं. सासरे म्हणाले, "पाठवायचंच हाय ना? मग तिनं कशाला जायचं?" सासूबाई बाहेर आल्या आणि पाकिटांसाठी बर्फाचा डबा शोधायला लागल्या. दुसऱ्या दिवशी पाकिटं त्या डब्यातून गाडीने पुण्याला गेली. ड्रायव्हर गेला, मी फाटकापर्यंत.

ते काम आता मॅडमची दुसरी विद्यार्थिनी करते. मागे तिचा फोन आला. पाकिटांवरचे आकडे पाइपाच्या वरच्या टोकापासून मोजलेत की खालच्या, एवढंच तिला हवं होतं.

"वरच्या," मी म्हणाले. "पांढरा पट्टा बघितलास का? काय निघालं त्यात?"

"अजून तिथपर्यंत पोचले नाही, ताई. कळवते," ती म्हणाली.

बैठकीतून चहाची हाक आली. मी फोन ठेवला आणि पातेलं चढवलं.